‘हो?’ अशी हाक मारणाऱ्या इसमाबाबत अर्ज

प्रति,
माननीय विभागप्रमुख मॅडम, गणनशाळा, सिमरोल रस्त्यावरील महाविद्यालय.
एक प्रत: स्वतः सदर इसम, हल्ली मुक्काम नाशिक.

अर्जदार: खाली सही करणार, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जलेखन, शिक्षण नववी पास, राहणार जुनी इंदूर.
ज्यांच्याबाबत अर्ज: आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षे राहिलेले एक गृहस्थ. त्यांना मी ‘सर’ म्हणत असे व या अर्जातही तसेच म्हणेन.
घटनेचा काळ: खंडेनवमीपासून दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत.
साक्षीदार: पहिली, माझी पत्नी सौ. सुनंदा. दुसरा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोहे विकणारा राधेश्याम. तिसरे, एक स्टॉपवॉच, जे सध्या आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेले आहे.

अर्जाचे कारण येणेप्रमाणे. सदर इसमाच्या नोकरीच्या कागदात त्यांच्याविरुद्ध एक ओळ लिहिलेली आहे. ती ओळ खोटी आहे, हे मला ठाऊक आहे, कारण ती माझ्याच हस्ताक्षरावरून उतरवून घेतलेली आहे. परंतु ओळीकडे येण्यापूर्वी माणूस कळला पाहिजे. तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, ज्याच्याबद्दल अर्ज आहे तो माणूस वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला नाही, तर कलमे कितीही घाला, अर्ज कोरडाच राहतो.

सर प्रथम आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी दार वाजवले नाही, घंटी दाबली नाही. खाली उभे राहून त्यांनी एकच हाक मारली, “हो?”

सौ. स्वयंपाकघरात होत्या. त्या म्हणाल्या, “कोण आहे?”

खालून ‘टिक’ असा आवाज आला. मी डोकावलो तर गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेला, चाळिशीचा, किडकिडीत गृहस्थ चौकटीच्या वहीत काही टिपत होता. एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर वायरींचे वेटोळे.

“चार सेकंद,” ते मला म्हणाले. “चांगलं घर आहे. खोली घेतो.”

“अहो, खोली बघून तर घ्या.”

“खोली काय बघायची, दादा? उत्तर आलं ना.”

त्यांच्या कामाचे स्वरूप मी प्रयत्नपूर्वक समजून घेतले आहे, ते थोडक्यात मांडतो. आपल्या गणनशाळेत दोन लोखंडी कपाटांत वीस-वीस असे चाळीस संगणक आहेत. ते चाळीस जण मिळून एकच मोठा हिशेब करतात आणि त्यासाठी त्यांना आपसात सतत बोलावे लागते. कोणी कोणाचे ऐकले नाही की हिशेब रेंगाळतो. सरांचे काम हे बोलणे तपासत राहण्याचे. एका संगणकाने दुसऱ्याला छोटासा निरोप पाठवायचा, दुसऱ्याने तो तसाच परत करायचा, आणि जाऊन येण्यास किती वेळ लागला ते लिहायचे. असे प्रत्येकाने प्रत्येकाशी. चाळिसांच्या जोड्या होतात सातशे ऐंशी. मी सरांना सुचवले होते की प्रत्येक उत्तरावर त्या त्या संगणकाची पोच घ्यावी. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “दादा, तेच तर घेतो.” तेव्हापासून आम्हा दोघांचा धंदा मुळात एकच आहे, असे मी मानत आलो.

अडचण एवढीच होती की सर घरीही तेच करीत. जिन्यावरून ‘हो?’, अंगणातून ‘हो?’, न्हाणीघरातूनसुद्धा ‘हो?’. आणि उत्तर येताच ‘टिक’. आरंभी सौ. वैतागल्या.

“काय लावून राहिले हे दिवसभर? भाजी लागून राहिली होती, तर काय आधी ‘हो’ म्हणू?”

“नका म्हणू, वहिनी. मी लिहितो ना: ‘भाजी’. कारण कळलं की उशीर चालतो.”

त्यांच्या वहीत आमच्या घराचे एक पानच होते. ‘वहिनी, सकाळी, तीन सेकंद. वहिनी, कुकरच्या वेळी, सात. दादा, पेपर वाचताना, उत्तर नाही.’ या शेवटच्या नोंदीस मी लेखी हरकत घेतली होती. त्यांनी ती घेतली, घडी घालून वहीत ठेवली आणि पेपरच्या वेळी मला हाक मारणे चालूच ठेवले.

कोणत्याही एका उत्तरावर त्यांचा विश्वास नसे. सिमरोलकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना ते चालकाला विचारीत, “सिमरोल?” मग कंडक्टरला, “सिमरोल?” मग खिडकीतल्या उतारूला, “सिमरोल?” तीन वर्षे, रोज. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर हात जोडून म्हणाला, “भाईसाब, आप कितनी भी बार पूछ लो, बस तो वहीं जाएगी.”

सर माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा. तिघांचं एकमत झालं. आता कसं निवांत बसता येतं.”

या सवयीची चेष्टा मीही पुष्कळ केली. नंतर मात्र एक प्रकार घडला. एका रविवारी सर वही घेऊन माझ्या टेबलाशी आले व हळू आवाजात म्हणाले, “दादा, वहिनींना डाव्या कानाने कमी ऐकू येतंय.”

“छे! तिला सगळं ऐकू येतं. ती मुद्दाम उत्तर देत नाही.”

“अंगणातून हाक मारली तर तीन सेकंद. जिन्यातून मारली तर आठ. ओट्याशी उभ्या असताना जिना डावीकडे येतो. पंधरा दिवसांची नोंद आहे.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानात मळाचा खडा निघाला. घरात शिरल्यावर सौ. मला म्हणाल्या, “सव्वीस वर्षं झाली लग्नाला. तुम्हाला वाटून राहिलं होतं मी मुद्दाम करते. त्या परक्या माणसाला कळलं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, व वहीत तशी नोंदही झाली. त्या दिवसापासून सरांच्या डब्यात दोन पोळ्या जास्त जाऊ लागल्या आणि सौ. त्यांच्या हाकेला इतक्या तत्परतेने ‘हो’ म्हणू लागल्या की सर कुरकुरले, “वहिनी, दीड सेकंद! तुम्ही हाकेची वाट बघत बसता. अशाने मोजमाप बिघडतं.”

बिघाड या शब्दाचा मात्र त्यांना राग होता. “बिघाड नसतो हो. कोणीतरी कोणाशी तरी बोलत नसतं, बस. ते कोण, एवढंच शोधायचं.” माझ्याकडे भांडणाचा अर्ज घेऊन आलेल्या कित्येक माणसांना मी हे वाक्य, माझे म्हणून, ऐकवले आहे.

आता खंडेनवमी. या प्रसंगाचे वर्णन मी काळजीपूर्वक करीत आहे, कारण पुढे याच्यावरच सारे अवलंबून आहे.

गणनशाळेत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते व आपण, मॅडम, घरच्यांनाही आत येऊ देता. सरांनी आम्हा उभयतांना नेले. सौ.नी नारळ, हळदकुंकू आणि लाल धाग्याचे मोठे रीळ घेतले होते, मी झेंडूचा हार. सौ.नी श्रद्धेने हाताला येईल त्या प्रत्येक वायरीला लाल धागा बांधला. सर जागच्या जागी चुळबुळत होते. कारण मला नंतर कळले. दोन्ही कपाटांना जोडणाऱ्या चार जाड वायरी त्यांनी आधीच लाल धाग्याने खूण करून ठेवल्या होत्या, आणि आता सगळीच लाल झाली. “सर, काही चुकलं का?” असे सौ.नी विचारले तेव्हा ते म्हणाले, “छे, वहिनी. छान दिसतंय.” आणि वहिनींनी बांधलेला एकही धागा त्यांनी पुढे कधी सोडला नाही.

हार बांधण्याचा मान मला मिळाला. कपाटावर तो सरळ बसेना, कारण मध्ये तीन वायरी लोंबत होत्या. मी त्या काढल्या, हार बांधला, माझ्या अर्जांच्या गठ्ठ्यांना मारतो तीच दुहेरी गाठ मारली, आणि वायरी परत खोचल्या. पूर्वी त्या वेड्यावाकड्या, अंतराअंतरावर होत्या. शेजारी तीन भोके ओळीने रिकामी होती. मी त्यांत नीट एकाखाली एक लावल्या. तिन्हींजवळ हिरवे दिवे लागले. सर त्या वेळी नारळ फोडत होते. हे मी कोणास सांगितले नाही, कारण यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. नीटनेटके केले, एवढेच समाधान होते.

दसऱ्यानंतर संगणक मंदावले. दिवसाचा हिशेब चार दिवस घेऊ लागला. सरांनी सातशे ऐंशीच्या सातशे ऐंशी जोड्या तपासल्या. सर्व उत्तम. पुन्हा तपासल्या. उत्तम. तिसऱ्यांदा तपासल्या, कारण त्यांचा नियमच तो. यंत्रे विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन अर्ध्या तासात लिहून गेला की यंत्रे व वायरी निर्दोष आहेत, देखभाल करणारा अपुरा आहे. सरांचा करार दिवाळीनंतर संपत होता. समितीची बैठक दुसऱ्या सोमवारी ठरली. त्या बैठकीत कारण सांगता आले नाही तर करार पुढे चालणार नाही, हे त्यांना स्पष्ट कळवण्यात आले.

सर दिवाळीत गावी गेले नाहीत. हाका थांबल्या. तीन दिवस घरात ‘हो?’ ऐकू आले नाही तेव्हा सौ. स्वतः जिन्याच्या तळाशी उभ्या राहून ओरडल्या, “हो?”

वरून बऱ्याच वेळाने, बारीक आवाजात, “हो.”

“बावीस सेकंद!” सौ. म्हणाल्या. “खाली या. चकल्या खाऊन घ्या.”

बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांना बळेच राधेश्यामकडे नेले. त्याचे दुकान म्हणजे मागे कढई, दोन माणसे प्लेट भरायला आणि पुढे एक खिडकी. सरांच्या वहीत राधेश्यामचेही पान होते: एरवी एक प्लेट, चाळीस सेकंद. त्या दिवशी सुट्टीची गर्दी. आमच्या हाती पोहे-जिलबी पडायला अकरा मिनिटे लागली. इतक्या चिंतेतही सरांनी घड्याळ लावलेच होते.

“राधेश्यामजी, आज हात धीमा हो गया क्या?” त्यांनी विचारले.

राधेश्याम भडकला. “हाथ तो वही है, भिया! पीछे देखो, बीस प्लेट भरी पड़ी हैं. देने की खिड़की एक है. एक-एक करके आओगे तो मैं राजा हूँ. सब साथ टूट पड़ोगे तो खिड़की क्या करेगी?”

सर हातातली जिलबी तशीच धरून उभे राहिले. मग त्यांनी ती अर्धीच प्लेटमध्ये ठेवली. इंदुरात अर्धी जिलबी टाकून कोणी निघत नाही. राधेश्यामच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी दिसली.

“दादा,” सर म्हणाले, “मी सातशे ऐंशी वेळा चुकीचा प्रश्न विचारला.”

“काय म्हणून राहिलात, सर?”

“एकेका जोडीला वेगळं बोलायला लावलं. सगळ्यांना एकदम बोलायला कधी सांगितलंच नाही. चला!”

बसमध्ये ते सरळ जाऊन बसले. चालकाला विचारले नाही, कंडक्टरला विचारले नाही. कंडक्टरच अस्वस्थ होऊन जवळ आला. “साब, सिमरोल जाएगी हाँ, पक्का.”

गणनशाळेत पोहोचताच त्यांनी पहिल्या कपाटातल्या विसांना दुसऱ्या कपाटातल्या विसांशी एकाच वेळी बोलायला लावले. पडद्यावरचे आकडे धडाधड खाली आले आणि एका जागी थांबले.

“चौथाई!” सर ओरडले. “बरोब्बर चौथाई! दोन कपाटांच्या मध्ये चार वाटा आहेत, दादा. चालतेय एकच. दोघेच बोलत असतील तर त्यांना एक पुरते, म्हणून सगळं उत्तम येत होतं. वीस जण आले की राधेश्यामची खिडकी!”

आणि तो चाळिशीचा गृहस्थ त्या थंडगार खोलीत दोन्ही हात वर करून स्वतःभोवती तीनदा फिरला. मीही टाळ्या वाजवल्या. मग ते वाकले आणि एकेक वायर बोटाने चाचपत निघाले. सगळ्यांवर लाल धागे. सगळ्यांजवळ हिरवे दिवे. एका ठिकाणी बोट थांबले.

तीन वायरी एकाखाली एक, ओळीत, पट्टीने आखल्यासारख्या. ज्या भोकांत त्या आता होत्या तिथेही हिरवा दिवा लागतो, पण ती वाट दुसऱ्या कामाची. आणि वर वाळलेला झेंडूचा हार, दुहेरी गाठीचा.

सरांनी ती गाठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिले, एक सेकंद असेल. घड्याळ त्यांनी दाबले नाही.

“दादा,” ते म्हणाले, “बाहेर माठ आहे. पाणी आणता का जरा?”

मी पाणी घेऊन आलो तोवर वायरी मूळ जागी गेल्या होत्या, आकडे चौपट झाले होते, आणि कपाटावर हार नव्हता. त्यांच्या पिशवीच्या तोंडातून एक वाळकी पाकळी बाहेर आली होती.

सायंकाळी माझ्या टेबलाशी बसून त्यांनी अहवाल सांगितला व मी तो लिहिला. काय झाले, केव्हापासून, कसे सापडले. मग आला रकाना: चूक कोणाकडून.

“लिहा, देखभाल करणाऱ्याकडून, पूजेच्या वेळी.”

मी लेखणी उचलली. “सर, पण ते…”

“दादा, बाहेरच्या माणसाचं नाव लिहिलं तर पुढच्या वर्षी वहिनींना आत सोडणार नाहीत. पहारेकऱ्यालाही बोलणी बसतील. लिहा. अक्षर चांगलं येऊ द्या.”

मी लिहिले. अक्षर चांगले आले. तीस वर्षांत मी लोकांच्या वतीने पुष्कळ काही लिहिले आहे, परंतु समोरचा माणूस माझी चूक आपल्या नावावर घेत आहे आणि मी त्याला वळणदार अक्षरांत मदत करीत आहे, असा प्रसंग तो एकच.

बैठकीत आपण, मॅडम, त्यांना विचारलेत, असे ते सांगत, “तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध सातशे ऐंशी ओळींचा पुरावा घेऊन आलात?” आणि आपण हसलात. करार पुढे चालू झाला. मात्र कागदात ओळ राहिली: ‘पूजेच्या प्रसंगी निष्काळजीपणा.’ सर पेढे घेऊन घरी आले. दारात उभे राहून त्यांनी गल्ली दणाणेल अशी हाक मारली, “हो?” आणि सौ.बरोबर शेजारच्या तीन घरांतून, आणि कोपऱ्यावरून राधेश्यामकडूनही, “हो!” आले. घड्याळ कोणासाठी थांबवावे हे त्यांना कळेना.

पुढल्या खंडेनवमीस त्यांनी आम्हाला पुन्हा नेले. हार पुन्हा माझ्याच हाती दिला. मी कपाटाकडे पाहत तसाच उभा राहिलो. तेव्हा त्यांनी माझा कोपर धरून मला समोरच्या भिंतीकडे वळवले. भिंतीवर, कपाटांपासून चांगल्या सहा हातांवर, दोन नवे खिळे ठोकलेले होते.

“हार इथे, दादा,” ते म्हणाले. “गाठ तुमचीच.”

याखेरीज त्या विषयावर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्यांना नाशिकला मोठ्या जागी काम मिळाले. निघताना त्यांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून सौ.च्या हातात दिले. सौ. डोळे पुसत म्हणाल्या, “मी याचं काय करू, सर?” ते म्हणाले, “दादांना हाक मारा. पेपर वाचत असताना.”

सबब, विनंती येणेप्रमाणे. ‘पूजेच्या प्रसंगी निष्काळजीपणा’ ही ओळ सदर इसमाच्या कागदातून काढून टाकावी व ती अर्जदाराच्या नावे लिहावी. अर्जदाराने तो निष्काळजीपणा पूर्ण शुद्धीत, हार सरळ बसावा एवढ्याच हेतूने केलेला आहे. परंतु त्यामुळे खंडेनवमीस सौ. सुनंदा यांचा प्रवेश बंद करू नये. त्यांनी फक्त धागे बांधले होते, आणि ते अद्याप शाबूत असल्याचे ऐकिवात आहे. निर्णय लेखी कळवावा.

आणि सर, आपल्याला ही प्रत पाठवीत आहे ती वेगळ्या कारणाने. आपण गेल्यावर मी आपल्याला दोन पत्रे लिहिली, त्यांत हवापाण्याखेरीज काही नव्हते. त्यांना उत्तर आले नाही, याचे मला नवल नाही. चुकीचा प्रश्न विचारला तर उत्तर उत्तमच येते किंवा येतच नाही, हे आपणच दाखवून दिले आहे. यावेळी योग्य तेच लिहिले आहे. अर्ज टपालपेटीत पडताच सौ. घड्याळाचे बटण दाबणार आहेत व आपले उत्तर दारात येईपर्यंत ते थांबवणार नाहीत, असे त्यांनी मला बजावले आहे.

तरी कृपा करून ‘हो’ कळवावे, ही विनंती.

अर्जदार,
(सही)
जुनी इंदूर